पहिलाच धंदा आणि विचारायला कोणी नाही? मग माणसं अशी जोडा

धंदा सुरू केल्यावर पहिले सात-आठ महिने मी एक काम अगदी मन लावून केलं, ते म्हणजे मेंटॉर (अनुभवी मार्गदर्शक) शोधणं. कापडी बॅगा शिवून घ्यायचे आणि विकायचे. घरात याआधी कोणी धंदा केलेला नाही, त्यामुळे भाव कसा लावायचा, उधारी किती दिवसांची द्यायची, कारागीर अर्ध्यात काम सोडून गेला तर काय करायचं, यातलं काहीही विचारायला माणूसच नव्हता. मग जे कोणी मोठं दिसेल त्याला मेसेज: "सर, मी नवउद्योजक आहे, तुम्ही माझे मेंटॉर व्हाल का?" असे एकोणीस मेसेज गेले. उत्तरं आली दोन. एक "शुभेच्छा" आणि दुसरा नुसता अंगठा.

आज फोन केला तर उचलतील अशी सहा-सात माणसं आहेत माझ्याकडे आणि गंमत म्हणजे त्यातल्या एकालाही मी कधी मेंटॉर व्हा म्हणून म्हटलेलं नाही. ती कशी जमली ते खाली क्रमाने लिहितेय. मी स्वतः हे सगळं उलट्या क्रमाने केलं, तुम्ही करू नका.

आधी जवळ काय पाहिजे

फार काही नाही, पण हे नसताना लोकांना भेटायला गेलात तर भेट वाया जाते.

- धंद्याबद्दल एक पान. काय विकता, कोण घेतं, किती जण घेतात, आत्ता कुठे अडलंय. एकच पान, पंचवीस स्लाइडचं प्रेझेंटेशन कोणी उघडत नाही.
- मागच्या तीन महिन्यांचे आकडे: विक्री, खर्च, येणं किती, देणं किती. हाताने लिहिलेले असले तरी चालतील, खरे पाहिजेत.
- एक साधी शीट: नाव, ओळख कुठून, काय विचारलं, काय म्हणाले, मी काय केलं, परत कधी कळवायचं.
- एक वही. मोबाईलवर टाइप करू नका, समोरच्याला वाटतं तुम्ही चॅट करताय.
- अकाउंटंट आणि वकील, दोघांची एकेक नावं. लगेच काम द्यायचंच असं नाही, पण माहिती असावीत.

१. मेंटॉर नंतर, आधी प्रश्न लिहून काढा

"मार्गदर्शन हवंय" हे कोणालाच देता येत नाही, कारण नक्की काय द्यायचं तेच त्यांना कळत नाही. एका बैठकीत बसून पुढच्या तीन महिन्यांत तुम्हाला अडणारे दहा प्रश्न लिहा. मग त्यातले जे थोडं शोधून किंवा वाचून सुटतील ते काढून टाका. माझ्या दहातले सहा असेच गेले. उरलेल्या चारात एक होता: "एक मोठा कस्टमर ६०० बॅगा मागतोय पण पैसे ९० दिवसांनी देणार म्हणतो, माझ्याकडे कापडाला पैसे नाहीत, ऑर्डर घेऊ का सोडू?"

हा प्रश्न असा आहे की ज्याने हे भोगलंय तो दोन मिनिटांत बोलायला लागतो. प्रश्न किती नेमका आहे यावर समोरचा माणूस किती वेळ देईल ते ठरतं, हे मला फार उशिरा कळलं.

२. एकाच माणसाकडून सगळं मागू नका

सगळ्यांच्या डोक्यात एक गुरू असतो, जो धंदाही शिकवेल, ओळखीही करून देईल, पैसेही उभे करून देईल आणि रात्री रडू आलं तर ऐकूनही घेईल. असा माणूस नसतो. आणि असला तर तो तुमच्या आधी शंभर जणांनी गाठलेला असतो. कामं वाटून टाका.

तुमच्याच प्रकारच्या धंद्यात दोन-तीन वर्षं पुढे असलेला माणूस हा सगळ्यात कामाचा. वीस वर्षं पुढे असलेल्याला तुमचा आजचा त्रास आठवतच नाही, तो "ब्रँड बिल्ड करा" वगैरे सांगतो. त्याची चूक नाही, त्याच्या आयुष्यातून कापडाचे पैसे हा विषय कधीच निघून गेलाय.

कायदा, टॅक्स, करार या गोष्टींसाठी फी देऊन सल्ला घ्या. फुकट कायदेशीर सल्ल्यासारखं महाग काही नाही.

बरोबरीचे लोक, म्हणजे तुमच्यासारखेच गटांगळ्या खाणारे, त्यांच्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय. आणि एक माणूस असा ठेवा ज्याला धंद्यातलं काहीही कळत नाही पण तुम्ही नीट जेवताय का, झोपताय का ते कळतं. घरचा असेल तर उत्तमच, पण घरच्यांना रोजचा विक्रीचा आकडा सांगत बसू नका, एखाद दिवशी शून्य आला की त्यांचा चेहरा बघून तुम्हालाच जास्त टेन्शन येतं. त्यापेक्षा महिन्यातून एकदा सगळं नीट सांगा.

३. यादी करा, आणि लांबच्या ओळखींपासून सुरू करा

आपण पहिल्यांदा जवळच्या चार मित्रांना विचारतो आणि त्यांना कोणीच माहीत नसतं. यामागे कारण आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक पेपर लिहिला, त्यात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं होतं की ज्याच्याकडून कळलं त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता. वारंवार भेटणारे निघाले १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणारे २७.८ टक्के. म्हणजे कामाची बातमी बहुतेक करून लांबच्या ओळखीतून आली, कारण जवळच्या माणसांना साधारण तेवढंच माहीत असतं जेवढं आपल्याला असतं. अभ्यास नोकरीचा होता आणि माणसंही थोडीच होती, पण माझ्या शीटमध्येही तसंच दिसतं. ९० दिवसांच्या उधारीचं उत्तर ज्यांनी दिलं ते माझ्या जुन्या ऑफिसातल्या एका कलीगच्या क्लासमेटचे भाऊ. त्या कलीगशी मी चार वर्षांत बोललेही नव्हते.

तेव्हा शीटमध्ये जुने सहकारी, शाळा-कॉलेजातले, आधीचे कस्टमर, माल देणारे, सगळे टाका. माल देणारे तर विसरूच नका. माझ्या कापडवाल्याला माझ्यासारखे चाळीस धंदे माहीत आहेत, कोण वेळेवर पैसे देतं आणि कोण बुडालं हेही.

संस्थांचं म्हणाल तर तुमच्या भागात काय आहे ते शोधा, कारण प्रत्येकीचा प्रकार वेगळा. अमेरिकेत स्कोर नावाची संस्था १९६४ पासून छोट्या धंद्यांना अनुभवी लोकांचं मार्गदर्शन फुकट देते, तिथे असाल तर सरळ जा. टाय ही उद्योजकांनी नव्या उद्योजकांना मदत करायला काढलेली संस्था १९९२ साली सिलिकॉन व्हॅलीत सुरू झाली, आता बऱ्याच देशांत तिच्या शाखा आहेत. वाय कॉम्बिनेटर (२००५) आणि टेकस्टार्स (२००६) हे ॲक्सलरेटर, म्हणजे निवडून घेतात, थोडे पैसे घालतात, बदल्यात कंपनीत हिस्सा घेतात, आणि झपाट्याने वाढू शकणाऱ्या कंपन्यांसाठीच ते आहेत. बॅगा शिवणारीने तिकडे अर्ज करून तीन आठवडे घालवू नयेत. घालवले, म्हणून सांगतेय. कुठल्याही प्रोग्रामला फॉर्म भरण्याआधी तिथून बाहेर पडलेल्या दोन जणांशी फोनवर बोला, वेबसाइटवर ज्यांचे फोटो आहेत ते सोडून.

४. पहिला मेसेज

माझा जुना मेसेज वर वाचलातच. चाललेला मेसेज हा:

"नमस्कार सर, मी कापडी बॅगांचा छोटा धंदा करते, सध्या महिन्याला साधारण २०० बॅगा जातात. एका कस्टमरने एकदम ६०० मागितल्या आहेत पण पैसे ९० दिवसांनी. तुम्ही सुरुवातीला मोठ्या दुकानांना माल दिला होता असं कळलं. तेव्हा उधारीचं कसं ठरवलं होतं एवढंच विचारायचं आहे. फोनवर १५ मिनिटं पुरतील, किंवा दोन ओळी लिहून पाठवल्यात तरी चालेल. वेळ नसेल तर काहीच हरकत नाही."

यात बघा, मी कोण ते एका ओळीत, आकडा आहे, त्यांनाच का विचारतेय ते आहे, किती वेळ लागेल ते आहे, आणि नाही म्हणायला वाट ठेवलीय. ती वाट फार महत्त्वाची, ती नसली की लोक उत्तरच देत नाहीत.

मधल्या माणसाकडून ओळख करून घेत असाल तर त्याला त्रास देऊ नका. त्याला जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा मेसेज तुम्हीच लिहून द्या, आणि सांगा की आधी त्यांना विचार, ते हो म्हणाले तरच नंबर दे. न विचारता दोघांना एका ग्रुपमध्ये टाकून "तुम्ही बोलून घ्या" म्हणणारे लोक असतात, त्यांच्यामुळे मी एक चांगली ओळख घालवली. समोरच्या मॅडम वैतागल्या आणि राग निघाला माझ्यावर.

उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करा. एकदाच. त्यानंतर सोडून द्या, मनाला लावून घेऊ नका, लोक खरंच बिझी असतात.

५. भेटीत काय करायचं

वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचा, आपलं एक पान आदल्या दिवशी पाठवून ठेवा, आणि पहिली दहा मिनिटं स्वतःची स्टोरी सांगण्यात घालवू नका.

विचारताना एक छोटा बदल करा. "मी काय करू?" च्या ऐवजी "तुमच्यावर अशी वेळ आली तेव्हा तुम्ही काय केलं होतं? आणि आता परत आली तर तेच कराल का?" असं विचारा. पहिल्या प्रश्नावर सल्ला मिळतो, तो कोणीही देतं. दुसऱ्यावर घडलेली गोष्ट मिळते, त्यात कुठे फसले तेही येतं. आंत्रप्रेन्योर्स ऑर्गनायझेशन म्हणून उद्योजकांची १९८७ पासूनची संस्था आहे, त्यांच्या छोट्या गटांत हीच पद्धत वापरतात, सल्ला द्यायचा नाही, स्वतःचा अनुभव सांगायचा. तिथे सभासद व्हायला उलाढालीची अट आहे त्यामुळे आपल्यासारख्या नव्यांना लगेच दार उघडणार नाही, पण पद्धत उचलायला कोणाची परवानगी लागत नाही.

पंधरा मिनिटं मागितली असतील तर चौदाव्या मिनिटाला म्हणा, "वेळ झाली, मी थांबते." बहुतेक वेळा ते स्वतःच म्हणतात, बोल बोल. आणि निघताना एक विचारा: "या विषयावर अजून कोणाशी बोलू?" माझी निम्मी शीट या एका वाक्यातून भरलीय.

६. उलट कळवा, हेच खरं काम

सगळ्यात जास्त लोक इथे गळतात. सल्ला घेतात, थँक्यू म्हणतात आणि गायब होतात, मग सहा महिन्यांनी परत काहीतरी हवं असतं तेव्हा उगवतात. समोरच्याला काय वाटत असेल विचार करा, त्याने आपला अर्धा तास दिला, आपली जुनी फजिती सांगितली, आणि पुढे काय झालं ते त्याला कधी कळलंच नाही.

६०० बॅगांच्या बाबतीत ते सर म्हणाले होते की ऑर्डर घे, पण कापडाचा खर्च आधी निघाला पाहिजे, अर्धा ॲडव्हान्स माग. मी तीन आठवड्यांनी त्यांना लिहिलं: "तुम्ही म्हणालात तसा अर्धा ॲडव्हान्स मागितला. आधी नाही म्हणाले, चार दिवसांनी ४० टक्क्यांवर आले. कापडाचे पैसे निघाले, उरलेले माल पोचल्यावर ३० दिवसांत द्यायचं ठरलंय." दहा मिनिटांत उत्तर आलं: "उरलेल्यातला निम्मा माल निघायच्या आधी का नाही मागितलास?"

शुभेच्छा नाहीत, अभिनंदन नाही, सरळ ओरडाच. पण त्या दिवसापासून ते माझे मेंटॉर झाले असं मी धरते, कारण आता त्यांना पुढे काय होतंय ते जाणून घ्यायचं होतं.

म्हणून शीटमध्ये "परत कधी कळवायचं" हा कॉलम आहे. तारीख टाका, मोबाईलवर रिमाइंडर लावा. सल्ला ऐकला नसेल तरी कळवा, "तुम्ही सांगितलं होतं पण मी या कारणाने वेगळं केलं, हे असं झालं." लोकांना राग येत नाही, उलट जास्त रस वाटतो. आणि दर तीन महिन्यांनी सगळ्यांना मिळून पाच-सहा ओळींचं अपडेट पाठवा: काय चांगलं झालं, काय फसलं, आत्ता काय अडलंय. फक्त चांगलं चांगलं लिहिलंत तर मदत येणार नाही, कारण मदतीची गरजच दिसत नाही.

७. बरोबरीच्या लोकांचा छोटा ग्रुप

हा प्रकार नवीन नाही. पुढे अमेरिकेचा मोठा नेता झालेल्या बेंजामिन फ्रँकलिनने १७२७ साली फिलाडेल्फियात जंटो नावाचं मंडळ काढलं तेव्हा तो स्वतः विशीतला छापखान्यातला कारागीर होता आणि सोबतचेही बरेचसे तसेच हाताने काम करणारे, कोणी चांभार, कोणी काचकाम करणारा, कोणी जमीन मोजणारा. दर शुक्रवारी संध्याकाळी बसायचे. चर्चेला ठरलेले प्रश्न असायचे, त्यातला एक असा की अलीकडे गावात कोणाचा धंदा बुडाला का आणि का बुडाला, आणि लगेच पुढचा, कोणाचा चांगला चाललाय आणि कशामुळे. अजून एक नियम मला फार आवडतो, "माझंच खरं" अशा सुरात बोललं किंवा समोरच्याला तोंडावर खोडून काढलं तर छोटासा दंड. आपल्या ग्रुपांत हा लावला तर दंडाच्या पैशातच धंदा उभा राहील!

आमचा ग्रुप पाच जणांचा आहे. सहाच्या वर जाऊ नका, मग कोणाचाच नंबर लागत नाही. एकमेकांशी थेट स्पर्धा असलेले दोघं एकत्र घेऊ नका. दर पंधरा दिवसांनी दीड तास. पहिली वीस मिनिटं सगळ्यांचे आकडे, मग एकाच माणसाची अडचण, चाळीस-पन्नास मिनिटं, आणि त्यात पहिला अर्धा वेळ फक्त प्रश्न विचारायचे, उपाय सांगायचे नाहीत. शेवटी प्रत्येकाने पुढच्या भेटीपर्यंत काय करणार ते एक वाक्य, आणि ते कोणीतरी लिहून ठेवायचं.

प्रश्नच विचारायचे हा नियम जाचक वाटतो पण एकदा काय झालं ते सांगते. आमच्यातली एक जण छपाईचं काम करते, ती म्हणाली विक्री वाढत नाहीये, जाहिरात करू का. आम्ही नियम पाळला नसता तर लगेच जाहिरातीवर प्रवचनं सुरू झाली असती. प्रश्न विचारत गेलो, मागच्या महिन्यात कामं किती केली, बिलं किती फाडली, पैसे किती आले. वीस मिनिटांनी कळलं की कामं भरपूर आहेत, पण तीन कस्टमरनी चार महिन्यांपासून पैसेच दिलेले नाहीत. विक्रीचा प्रॉब्लेमच नव्हता. मग दुसऱ्याने सांगितलं की तो बिलाची आठवण तारीख उलटल्यावर करत नाही, तारखेच्या तीन दिवस आधी करतो, "बिल मिळालंय ना, काही दुरुस्ती नाही ना" असं विचारून. त्यामुळे नंतर कस्टमरला "बिलच नीट नव्हतं" ही सबब उरत नाही. तिने तेच सुरू केलं, तिघांपैकी दोघांचे पैसे महिन्याभरात आले. तिसऱ्याचे अजून यायचेत.

ग्रुपमधलं बाहेर बोलायचं नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून घ्या. माझ्या आधीच्या ग्रुपात एकाने माझा माल कुठून येतो ते बाहेर सांगितलं, नंतर तो म्हणाला की मला काय माहीत ते सीक्रेट आहे. चूक निम्मी माझी, ठरवूनच घेतलं नव्हतं. आणि दोनशे-अडीचशे जणांचे व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे नेटवर्क नव्हे, तिथे गुड मॉर्निंग आणि स्वतःची जाहिरात, बस.

८. दोघं उलट सांगतात तेव्हा

हे होणारच. एक म्हणेल भाव वाढव, दुसरा म्हणेल कमी कर. ॲक्सलरेटरवाल्यांच्या भाषेत याला मेंटॉर व्हिपलॅश म्हणतात, इकडून तिकडून झटके बसून मान दुखायची पाळी. दोघंही आपापल्या धंद्याच्या हिशेबाने बरोबर असतात. त्यामुळे तो कुठल्या धंद्यातून बोलतोय, त्याचा कस्टमर कोण होता, त्याच्याकडे तेव्हा पैसे किती होते, एवढं शीटमध्ये सल्ल्याच्या शेजारी लिहा. बऱ्याचदा तिथेच उलगडा होतो. नाही झाला तर छोट्या प्रमाणात करून बघा, मी भावाचं वीस बॅगांवर करून बघितलं होतं. आणि ज्याच्या सल्ल्यात त्याचा स्वतःचा फायदा आहे, म्हणजे माल विकणारा, कर्ज देणारा, पैसे गुंतवणारा, त्याचं ऐका जरूर पण तो फायदा डोळ्यासमोर ठेवून.

९. पैसे, हिस्सा आणि कागद

चांगले मेंटॉर पहिल्या भेटीत पैसे मागत नाहीत, हिस्सा तर नाहीच. कोर्स, सर्टिफिकेट, "गुंतवणूकदारांशी भेट घालून देतो, आधी फी भरा" असं कोणी म्हणालं की उठा. मी भरलीय फी. भेट झाली, ज्यांच्याशी झाली ते गुंतवणूकदार नव्हते.

कोणी खरंच नियमित काम करणार असेल, महिन्याला काही तास देणार असेल, आणि तुमची कंपनी असेल, तर थोडा हिस्सा देणं योग्य आहे, पण कागदावर. फाउंडर इन्स्टिट्यूट या संस्थेचा फास्ट नावाचा कराराचा नमुना फुकट मिळतो. त्यात अगदी सुरुवातीच्या कंपनीसाठी सल्लागाराला पाव टक्का ते एक टक्का असा अंदाज दिलाय, सल्लागार किती काम करणार त्याप्रमाणे, आणि तो हिस्सा एकदम न देता दोन वर्षांत हळूहळू, पहिले तीन महिने काहीच नाही. म्हणजे तीन महिन्यांत पटलं नाही तर कोणाचंच नुकसान नाही. कोणी "माझं नाव वापर, १० टक्के दे" म्हणत असेल तर या आकड्यांशी ताडून बघा. नमुना जसाच्या तसा सही करू नका, तुमच्याकडच्या कायद्यात बसतो का ते वकिलाला दाखवा. त्यात महिन्याला किती तास, काय काम, गुप्तता आणि वेगळं व्हायचं कसं, एवढं असलंच पाहिजे.

१०. थांबवायचं असेल तर

काही ओळखी पुढे चालत नाहीत. तुम्ही वाढता, प्रश्न बदलतात, किंवा सूरच जुळत नाही. गायब होऊ नका, दोन ओळी लिहा. मी एका मॅडमना लिहिलं होतं: "मागच्या वर्षभरात हिशेबाची घडी तुमच्यामुळे बसली. आता माझे प्रश्न निर्यातीकडे चाललेत, तर दर महिन्याचा कॉल आपण थांबवूया का? अपडेट मात्र पाठवत राहीन." त्यांनी लिहिलं, बरं झालं तूच म्हणालीस, मी पण कसं सांगावं बघत होते. आणि खाली एक नाव आणि नंबर होता, "ही निर्यात करते, माझं नाव सांग."